रीजंट्स कॅनॉलच्या काठानं ट्रेझर हंट: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लंडनला नवीन आलेली मराठी कुटुंबं भेटली की दोन महिन्यांत एक प्रश्न येतोच, की बिग बेन झालं, म्युझियम झालं, आता मुलांना घेऊन कुठं जायचं, आणि ते पण फार पैसे न घालवता. माझं उत्तर गेली काही वर्षं एकच आहे, लिटल व्हेनिसला उतरा आणि कालव्याच्या काठानं किंग्ज क्रॉसपर्यंत चालत या. पण नुसतं चाला म्हटलं की मुलं अर्ध्या तासात कंटाळतात, म्हणून त्याचा ट्रेझर हंट करायचा. तो कसा करायचा ते आज सगळं नीट लिहिते, कारण प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहून जातंच.

आधी ही वाट काय आहे ते समजून घ्या, नाहीतर हंट म्हणजे नुसता टाइमपास होईल. रीजंट्स कॅनॉल १८२० साली पूर्ण झाला, लांबी साधारण पावणेचौदा किलोमीटर, पॅडिंग्टनजवळ सुरू होऊन लाइमहाउसला थेम्सला मिळतो. बोटींना तेव्हा इंजिन नव्हतं, घोडा काठावरून चालायचा आणि लांब दोरानं बोट ओढायचा, आणि घोड्याच्या त्या वाटेलाच टोपाथ म्हणतात. आपल्याकडच्या माणसाला एका वाक्यात सांगायचं तर मोटेच्या विहिरीला जशी बैलांची धाव, तशी कालव्याला ही घोड्यांची वाट. या कालव्यावर घोड्यानं ओढलेली मालाची शेवटची बोट १९५६ साली गेली, म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या काळापर्यंत हे चालू होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खजिना लपवायचा नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा चिठ्ठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाकांच्या खाली चिकटवल्या होत्या, रात्री पाऊस झाला, दोन चिठ्ठ्या वाऱ्यानं पाण्यात गेल्या आणि एक कुणीतरी कचरा समजून काढून टाकली, आणि तसं बघितलं तर तो कचराच होता. तेव्हापासून काठावर काहीही ठेवत नाही. खजिना तिथं आधीच आहे, लोखंडात आणि दगडात, दीडदोनशे वर्षं पडलेला, आपण फक्त मुलांच्या हातात कोडं द्यायचं आणि त्यांनी ती वस्तू शोधून तिला हात लावायचा. हात लावणं हा माझा नियमच आहे, नुसतं लांबून फोटो काढला तर मार्क नाहीत.

तयारीला एक संध्याकाळ पुरते. प्रत्येक टीमला तीन ते चार जण, त्यात एक मोठं माणूस पाहिजेच. एकूण दहा-बाराच्या वर माणसं नेऊ नका, वाट काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की दोन माणसं शेजारून जेमतेम जातात, आणि सायकलवाले सतत असतात. प्रत्येक टीमला एक जाड पुठ्ठा, त्याला क्लिप लावलेले साधे पांढरे कागद, दोन मऊ पेन्सिली. फोनपेक्षा कागद बरा, कारण खाच किंवा कोरलेलं काही सापडलं की त्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायची, लहानपणी आपण नाण्याची छाप काढायचो तशी. हीच तुमची खजिन्याची पावती. कोडी मी चार ओळींची करते, मराठीत, म्हणजे इथं जन्मलेल्या पोरांना आई-बाबांना विचारावं लागतं आणि आई-बाबांना पण डोकं चालवावं लागतं. खाली माझी काही देते, तशीच वापरा किंवा तुमची करा.

अंतर सगळं मिळून साडेसहा किलोमीटरच्या आसपास, लिटल व्हेनिस ते कॅम्डन चार आणि पुढं किंग्ज क्रॉसपर्यंत अडीचच्या आत. कोडी सोडवत गेलात तर चार तास धरा. मुलं सहा वर्षांच्या आतली असतील तर कॅम्डनला थांबा, उरलेलं दुसऱ्या रविवारी. सकाळी साडेनऊला सुरू केलं तर बरं, दुपारनंतर कॅम्डनला पाय ठेवायला जागा नसते. टॉयलेट टोपाथवर जवळजवळ नाहीतच, कॅम्डन आणि किंग्ज क्रॉसला सोय होते, तेव्हा निघायच्या आधी मुलांना जाऊन यायला सांगा. डबा न्या, दशम्या आणि चटणी या वाटेला सगळ्यात चांगली, हाताला चिकटत नाही आणि सांडत नाही.

वॉर्विक अॅव्हेन्यू स्टेशनला उतरलं की पाच मिनिटांत पाणी दिसतं. तीन बाजूंनी पाणी येऊन मिळतं, मध्ये छोटं बेट, त्यावर विलोची झाडं, भोवती रंगवलेल्या नॅरोबोटी, म्हणजे कालव्यातल्या लांब, अरुंद बोटी. १८०१ साली पॅडिंग्टनपर्यंत एक कालवा आधीच आला होता, त्याला इथून फाटा काढून लंडनच्या उत्तरेनं वळवून नदीपर्यंत नेला तो हा रीजंट्स कॅनॉल. इथं कोडं देऊ नका, नुसतं बघू द्या, बोटींवरची नावं वाचू द्या.

यापुढं नवीन माणूस हमखास चुकतो. इथून एजवेअर रोडपर्यंत काठावर खासगी बोटी बांधलेल्या आहेत आणि टोपाथला कुलूप लावलेलं गेट आहे, तेव्हा ब्लूमफील्ड रोडच्या फुटपाथवरून कालवा बाजूला ठेवून चालायचं. एजवेअर रोडला पोचलात की पाणी गायबच होतं, कारण तिथं कालवा मेडा हिलच्या बोगद्यात शिरतो. अडीचशे मीटरचा बोगदा, आत वाट नाही. सरळ रस्ता ओलांडून अॅबर्डीन प्लेसनं पुढं जायचं आणि शेवटी पायऱ्या उतरून परत पाण्याजवळ. बाबागाडी असेल तर ती उचलायची तयारी ठेवा.

रस्ता ओलांडायच्या आधी पहिली चिठ्ठी उघडा:

दोर सुटला, घोडा वर,
माणूस आडवा पाठीवर,
पाय चालती भिंतीवर,
सांगा तो गेला कुठं?

उत्तर बोगद्यात. आत वाट नाही म्हटल्यावर घोडा सोडायचा, त्याला वरून, म्हणजे आत्ता तुम्ही चालताय त्याच बाजूनं पलीकडं न्यायचा, आणि बोटीवरची माणसं फळीवर उताणी झोपून दोन्ही बाजूंच्या भिंतींना पायांनी रेटत बोट पुढं सरकवायची. अंधार, ओल, आणि खाली माल भरलेली बोट. आमच्याकडं मुलं हे ऐकल्यावर घरी पॅसेजमध्ये आडवी पडून भिंतीला पाय लावून बघतात, जरूर करू द्या, किती जोर लागतो ते तेव्हाच कळतं.

लिसन ग्रोव्हला आलात की क्रिकेटवाल्यांनी जरा थांबा. थॉमस लॉर्डचं दुसरं मैदान याच भागात होतं आणि कालव्याची आखणी त्याच्यातून गेली. मग लॉर्डनं १८१४ साली मैदान हलवलं, आणि नुसतं नाव नाही, हिरवळ पण उचलून नवीन जागी नेली. ती नवीन जागा म्हणजे आजचं लॉर्ड्स. वेंगसरकरांनी तिथं १९७९, १९८२ आणि १९८६ अशी लागोपाठ तीन शतकं ठोकली, ती जागा मैदानाला या कालव्यामुळं मिळालीय, हे मला कळलं तेव्हा मी त्या काठावर बराच वेळ नुसती उभी होते. मैदान इथून चालत दहा मिनिटांवर आहे, पण आज वळू नका, हंट तुटतो.

पायाखाली पण बघा. या पट्ट्यापासून पुढं टोपाथला मध्येमध्ये काँक्रीटच्या लाद्या लागतात, त्यांच्या खाली १९७९ साली टाकलेल्या चार लाख व्होल्टच्या केबल आहेत, आणि त्या तापू नयेत म्हणून कालव्याचंच पाणी पंपानं फिरवतात. दोनशे वर्षांपूर्वीचा कालवा आजही शहराच्या कामाला येतो, आणि वरून चालणाऱ्या हजारो लोकांना त्याचा पत्ता नसतो.

रेल्वेचे पूल संपले की एकदम रीजंट्स पार्कची झाडी सुरू होते, समोरच्या काठावर मोठे पांढरे बंगले. इथं दुसरी चिठ्ठी, आणि सगळ्या हंटमधली ही माझी सगळ्यात आवडती:

पोटावर वळ, पाठीवर वळ,
गप्प उभा लोखंडी खांब;
पोटावरचे दोराने दिले,
पाठीवरचे कुणी, ते सांग.

हा मॅकल्सफील्ड ब्रिज. लोखंडी गोल खांबांवर उभा आहे, खांबांच्या माथ्याशी कोलब्रुकडेल असं इंग्रजीत ओतलेलं नाव वाचता येतं, ते ज्या ठिकाणी ओतले त्या गावाचं. मुलांना आधी ते नाव शोधायला लावा, मान वर करून. मग खांबाच्या पाण्याकडच्या बाजूला हात फिरवायला सांगा. खाचा लागतील, हाताचं बोट आत जाईल इतक्या खोल. भिजलेल्या दोरात वाळू-माती अडकते, आणि रोज घोडे चालताना तो दोर लोखंडाला घासून घासून पडलेल्या या खाचा आहेत. आता मागच्या बाजूला जा, जिकडं पाणी नाही, घोडा नाही, दोर लागायचं काहीच कारण नाही. तिकडं पण तशाच खाचा.

मुलांना पाच मिनिटं द्या. घाई करून उत्तर सांगू नका.

२ ऑक्टोबर १८७४ ला पहाटे पाचच्या आत-बाहेर टिलबरी नावाची बार्ज, म्हणजे मालाची सपाट बोट, या पुलाखालून चालली होती, वर पाच टनांच्या आसपास बंदुकीची दारू आणि सोबत पेट्रोलियम. पुलाच्या बरोबर खाली आल्यावर स्फोट झाला. बोटीवरचे तिघं गेले, पूल कोसळला, आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या. नंतर पूल परत बांधला तेव्हा तेच जुने खांब वापरले, फक्त फिरवून बसवले, म्हणजे जुने वळ मागं गेले आणि कोऱ्या बाजूला दोरानं पुन्हा नवे पाडले. लोक याला अजून ब्लो अप ब्रिज म्हणतात.

माझी आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिला इथं आणलं. मुलं मागच्या खाचांवरून वाद घालत होती, ती काही न बोलता पुढं गेली, दोन बोटं त्या खाचेत घातली आणि वरखाली फिरवली, आणि म्हणाली, "अगं, आपल्या विहिरीच्या काठाच्या दगडाला पण अश्याच पडल्या होत्या ना, पोहऱ्याच्या दोरानं." मग तिथं उभ्याउभ्या तिनं मुलांना मोट सांगितली, नाडा कुठला, सोंदूर कुठला, बैल धावेवरून खाली गेले की पाणी वर कसं यायचं, सगळं. मी इतक्यांदा तिथं उभी राहून स्फोटाची गोष्ट सांगितलीय, पण मुलांच्या लक्षात आजीची मोटच राहिली. तुमच्या घरी कुणी आई-वडील, सासू-सासरे गावाकडून आलेले असतील तर त्यांना या वाटेवर जरूर आणा. सपाट वाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही, पायऱ्या तेवढ्या सांभाळा.

कागद घासून छाप काढायची ती इथंच. एक पुढच्या खाचांची, एक मागच्या. दोन्ही शेजारी ठेवून कुठल्या जास्त खोल ते ठरवायला लावा.

पुढं झू. लंडन झू १८२८ चं आहे आणि कालवा त्याच्या मधून जातो, तिकीट न काढता थोडं दिसतंच, मोठी टोकदार जाळी दिसते ती साठच्या दशकात पक्ष्यांसाठी बांधलेली, आता त्यात कोलोबस माकडं असतात. इथं कोडं नको, मुलं तशीही थांबतात. त्यानंतर कालवा एकदम डावीकडं काटकोनात वळतो. त्या कोपऱ्यावर थांबून विचारा, की कालवा इथं सरळ का नाही गेला? उत्तर असं की सरळ जाणारा फाटा होता, थेट एका जुन्या बाजारापर्यंत, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो भरून टाकला, बॉम्बनं पडलेल्या इमारतींचा राडारोडा त्यात घातला. उरलाय तो एवढासा पाण्याचा तुकडा.

डबा खायचा तर इथून वर चढून प्रिमरोझ हिलवर. आणि वेळ असेल तर अजून थोडं पुढं, किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना इथं राहायचे. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ते घेतलं आणि तिथं स्मारक केलं. आत जायच्या वेळा आधी बघून ठेवा. कालव्यापासून पंधरा मिनिटं लागतात, परत यायला तेवढीच, हंटच्या दिवशी जमत नसेल तर निदान मुलांना रस्ता दाखवून ठेवा आणि नंतर वेगळं या. मी तर म्हणेन या भागात येऊन मराठी माणसानं ते घर न बघता परत जाऊ नये.

कॅम्डन जवळ आलं की वाट एका चढाच्या छोट्या पुलावरून जाते, खाली काळं पाणी इमारतीच्या पोटात शिरलेलं दिसतं. ते जुनं गोदाम, तिथं बोट, रेल्वे आणि रस्ता यांच्यात मालाची अदलाबदल व्हायची. खालच्या पाण्याला लोक डेड डॉग बेसिन म्हणतात, मुलांना नाव ऐकूनच मजा वाटते. पुढं लोखंडी तिरका पूल येतो, घोड्यांना एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यायला बांधलेला, त्याच्या कठड्यावर पण दोराच्या खाचा आहेत, आणि आता मुलांना त्या न सांगता सापडतात. तिसरी चिठ्ठी इथली:

जुळ्या बहिणी शेजारी शेजारी,
एक रिती तर एक भरलेली;
वाया जाऊ नये थेंब म्हणून
अर्धी तहान वाटून घेतलेली.

हॅम्पस्टेड रोड लॉक. लॉक म्हणजे पाण्याची पायरी समजा, बोट हौदात घ्यायची, दारं लावायची, पाणी सोडून बोट खाली उतरवायची, पुढचं दार उघडायचं. पॅडिंग्टनपासून इथपर्यंत कालवा एका पातळीत आहे, इथून थेम्सपर्यंत बारा लॉक आणि सव्वीस मीटरचा उतार. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन हौद होते, एक रिकामा करताना अर्धं पाणी शेजारच्यात घ्यायचं म्हणजे तेवढं वाचतं, कारण कालव्याला पाणी कमी पडायची चिंता कायमच होती. बाकी ठिकाणी एकेकच हौद चालू राहिला, दोन्ही शाबूत असलेलं लॉक एवढंच. नशीब असेल तर एखादी नॅरोबोट उतरताना सापडते. सापडली तर चिठ्ठ्या खिशात घाला आणि वीस मिनिटं तेच बघा. लाकडी दांडा पाठीनं रेटून दार उघडतात ते बघून माझा भाचा मदतीला धावला होता, बोटवाल्या बाईंनी त्याला शेजारी घेऊन दांड्याला पाठ लावू दिली. पण लॉकच्या दारांना आणि दांड्यांना आपणहून हात लावू नका, विचारून. लॉकच्या कडेला मुलांचा हात सोडायचा नाही, हौद खोल आहे आणि भिंती सरळ.

सुरक्षेचं बाकीचं पण इथंच सांगून टाकते. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवं शेवाळासारखं बारीक पान पसरतं, सगळा कालवा हिरवळीसारखा दिसतो, आणि लहान मुलं खरंच त्यावर पाय टाकायला जातात. निघायच्या आधी दाखवा आणि बजावून सांगा. चालताना मुलं भिंतीच्या बाजूला, मोठे पाण्याच्या बाजूला. पुलाखाली वाट अरुंद होते आणि पलीकडचं दिसत नाही, तिथं एका ओळीत, सायकलची घंटी ऐकू आली की थांबायचं. पाण्यात हात घातला असेल तर खायच्या आधी साबणानं धुवा, उंदरांमुळं होणारा आजार अशा पाण्यातून होऊ शकतो. आणि निघायच्या आदल्या दिवशी कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या साइटवर वाट कुठं बंद आहे का ते बघा, हिवाळ्यात दुरुस्तीची कामं निघतात.

कॅम्डनच्या पुढं गर्दी एकदम ओसरते. इथं चिठ्ठी नाही, एक पैज लावायची: काठावरून पाण्यात उतरत जाणारा उतार आधी कोण शोधतो. रेल्वे आली तशी इंजिनाच्या आवाजाला घोडे बुजायचे आणि पाण्यात पडायचे, सरळ भिंतीवरून घोडा वर काढणार कसा, म्हणून असे उतार केले. घोडा पोहत तिथपर्यंत आणायचा आणि चढवायचा.

मग लोखंडी गोल सांगाडे दिसायला लागतात. गॅसचे जुने साठे, कोळशापासून गॅस काढायचे त्या काळचे. यातल्या आठ नंबरचा सांगाडा सुटा करून यॉर्कशायरला नेला, दुरुस्त करून परत आणून उभा केला, आता आत गोल बाग आहे. त्याच्या समोरच्या बाजूला सेंट पँक्रस लॉक, आणि पुढं ग्रॅनरी स्क्वेअर, १८५२ चं धान्याचं कोठार, आता त्यात कॉलेज आहे. समोर हजाराच्या वर कारंजी आहेत, म्हणून बॅगेत मुलांचे एक जोड कपडे टाकाच, हे मी कळकळीनं सांगते, ओल्या कपड्यांत ट्यूबनं घरी जाणं वाईट.

शेवटची चिठ्ठी म्युझियमसाठी:

विहीर होती, पाणी नव्हतं,
जे होतं ते ओतता येत नव्हतं;
नॉर्वेहून आलं, बोटीनं आलं,
उन्हात ठेवलं की निघून गेलं.

न्यू वॉर्फ रोडला लंडन कॅनॉल म्युझियम आहे, छोटंसं, तिकीट आहे पण परवडणारं, उघडं असायचे दिवस आधी बघून ठेवा. ही इमारत म्हणजे कार्लो गॅटी या माणसाचं बर्फाचं गोदाम. फ्रीज नव्हते तेव्हा नॉर्वेच्या तळ्यांतला बर्फ कापून जहाजानं लाइमहाउसला यायचा, तिथून बार्जमध्ये घालून याच कालव्यानं इथं, आणि जमिनीखाली खोदलेल्या प्रचंड विहिरींत साठवायचे. त्याच शतकात मुंबईला अमेरिकेहून जहाजानं बर्फ यायचा, तो याच धंद्याचा दुसरा भाऊ. विहीर वरून वाकून बघता येते. मुलांना विचारा, बर्फ कुठल्या वाटेनं आला? त्यांनी बोट मागं, आलेल्या वाटेकडं केलं तर दुरुस्त करा, लाइमहाउस पुढच्या दिशेला आहे, इथून जवळच कालवा परत एका बोगद्यात शिरतो, इस्लिंग्टनचा, जवळजवळ पाऊण-एक किलोमीटरचा, आणि बर्फ त्यातून यायचा. भिंतीला पाय लावून बोट रेटणारी माणसं इथं पण होती, पण फक्त सुरुवातीची काही वर्षं; बर्फाच्या काळापर्यंत या बोगद्यात वाफेवर चालणारी बोट साखळीच्या जोरावर बाकीच्या बोटी ओढून न्यायची.

बक्षीस मी विकत आणत नाही. ज्या टीमची छाप सगळ्यात स्पष्ट आली तिला उरलेली दशमी आणि पुढच्या वेळी कोडी लिहायचा मान. छापांवर तारीख आणि पुलाचं नाव तिथंच टाकून घ्या, घरी गेल्यावर कुठली कुठली ते आठवत नाही. म्युझियमपासून किंग्ज क्रॉस स्टेशन चालत दहा मिनिटं.